माथेरानच्या बाजारातले सात हिस्से

जुलैच्या अखेरीस आमच्या पनवेलच्या घरी कुरिअरने एक पाकीट आले. आत टाइप केलेले हक्कसोडपत्र होते. माथेरानच्या बाजारातले नानांचे घर आणि त्याखालचे दुकान यांवरचा आपला वारसाहक्क अम्मीने दोन्ही भावांच्या नावे, खुशीने आणि काहीही मोबदला न घेता सोडून दिला आहे, असा त्याचा मतलब होता. सही कुठे करायची, तिथे पेन्सिलने फुली मारलेली होती.

अम्मी चष्मा लावून सही करायलाच बसली. मी म्हटले, "अम्मी, आधी वाचून तर घे." ती म्हणाली, "त्यात काय वाचायचे? भावाकडे हिस्सा मागितला की माहेर तुटते." आपल्या घरांतून हे वाक्य किती वेळा ऐकू येते, हे वाचक भगिनींना सांगायला नको.

मी मोठ्या मामूंना फोन केला. ते रागावले नाहीत, उलट अवघडले. एका लॉजवाल्याला पूर्ण इमारत हवी होती. दलाल म्हणाला होता की आधी बहिणींच्या सह्या घ्या, म्हणजे कागद साफ होतील. "तुझ्या अम्मीला, खालांना मी काही देणारच नाही असे थोडेच आहे, बेटी? खुशीने देईन." मी म्हटले, "मामू, मी चार दिवस येते. कागद बरोबर आणते. बसून बोलू." ते म्हणाले, "ये. पण पंधरा ऑगस्टच्या आधी ये. नंतर घरात तुला झोपायला जागा राहणार नाही."

आजोळच्या घरात झोपायला जागा नसते म्हणजे काय, ते तिथे गेल्यावर कळले.

वर जाताना

नेरळ स्टेशनाबाहेर शेअर टॅक्सी मिळते. घाटाची वळणे चढून ती दस्तुरी नाक्यावर थांबते आणि तिथेच मोटारगाड्यांचे राज्य संपते. पुढे बाजारापर्यंत अडीच-तीन किलोमीटर पायी, घोड्यावर, हातरिक्षात किंवा अमन लॉज स्टेशनवरून सुटणाऱ्या शटल गाडीने जायचे. रुग्णवाहिका आणि अग्निशमनाची गाडी सोडली तर माथेरानमध्ये मोटार चालत नाही. नाक्यावर पाहुण्यांकडून प्रवासी कर घेतात. लहानपणी नाना आम्हाला घ्यायला खाली यायचे आणि नाकेवाल्याला ऐटीत सांगायचे, "ही आपली माणसे आहेत."

मंगळवार होता, पाऊस होता, घोडे झाडांखाली अंग चोरून उभे होते. मी शटलने गेले. ही छोटी रेल्वे आपल्या वाचकांना ठाऊक असावी अशी गोष्ट आहे. मुंबईचे बोहरा उद्योगपती सर आदमजी पीरभॉय यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांनी १९०४ ते १९०७ या काळात ती बांधली. सोळा लाख रुपये खर्च आला आणि तो पैसा वडिलांनी दिला. रुळांमधले अंतर अवघे दोन फूट, डोंगराला वेढे घालत जाणारी सुमारे एकवीस किलोमीटरची वाट आणि त्यात एकच बोगदा. २००५ च्या जुलैतल्या महापुरात हा मार्ग वाहून गेला, २००७ मध्ये तो पुन्हा सुरू झाला. २०१९ च्या पावसात पुन्हा तुटला आणि नेरळहून थेट गाडी परत सुरू व्हायला २०२२ चा ऑक्टोबर उजाडला. पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज हा भाग बंदच असतो, वरची शटल तेवढी धावते.

माथेरान समुद्रसपाटीपासून सुमारे आठशे मीटर उंचावर आहे. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० मध्ये इथे चढून आले आणि मुंबईच्या उकाड्याला कंटाळलेल्या साहेबांसाठी थंड हवेचे ठिकाण सापडले. पुढे साहेबांनी, त्यांच्यामागोमाग पारशी, बोहरी आणि गुजराती धनिकांनी झाडीत दूर दूर बंगले बांधले. त्यांना पाव, मटण, दूध, धोबी, न्हावी, हमाल लागत होते. ती माणसे राहिली बाजारात. बंगल्याला मोठा भूखंड आणि एकांत, बाजाराला भिंतीला भिंत लावून उभी असलेली घरे, अशी या गावाची मांडणी पहिल्यापासूनची.

आमचे नाना रोह्याकडून पोरवयात इथे आले ते एका बेकरीत भट्टीपुढे काम करायला. पुढे चपलांचे दुकान टाकले. बाजारातले ते दोन मजली घर त्यांनी टप्प्याटप्प्याने उभे केले. जोते जांभ्या दगडाचे, वर लाकडी खांब, पुढे पडवी, माळ्यावर दोन खोल्या, मागे स्वयंपाकघर आणि एक अंधारी खोली. नाना आणि नानी दोघेही आता अल्लाहला प्यारे झाले. मागे दोन मुलगे आणि तीन मुली.

जागा वाढत नाही

मामू पहिल्याच संध्याकाळी म्हणाले, "खाली शहरात जागा संपली की लोक पलीकडे सरकतात. मुंबई संपली तर मुंब्रा, मुंब्रा संपला तर बदलापूर. इथे पलीकडे दरी आहे."

खरी गोष्ट आहे. माथेरान आणि आसपासचा परिसर २००३ मध्ये केंद्र सरकारने पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केला. जंगल तोडायचे नाही, वाटेल तिथे बांधायचे नाही. त्यातही इथल्या अनेक जागा ब्रिटिशांच्या काळापासून सरकारी भाडेपट्ट्यावर दिलेल्या. म्हणजे घर तुमचे, पण खालच्या जमिनीचा मालक सरकार. पट्ट्याची मुदत, तो कोणत्या वापरासाठी दिला आहे, दुसऱ्याच्या नावे करायला परवानगी लागते का, हे सगळे कागदातून बघावे लागते. इथे घराचा पत्तासुद्धा प्लॉट नंबरने सांगतात.

बांधायचे ठरवले तरी सोपे नाही. सिमेंट, वाळू, पत्रा, फरशी सगळे दस्तुरीपासून पुढे घोड्याच्या पाठीवर, हातगाडीवर नाहीतर हमालाच्या डोक्यावर येते. गॅसचे सिलिंडरही तसेच. म्हणून खाली जी दुरुस्ती स्वस्तात होते तिला वर बराच जास्त खर्च येतो. शार्लोट तलाव आहे, शिवाय नेरळच्या बाजूने उल्हास नदीचे पाणी पंपाने वर चढवतात, त्यामुळे पाणीही जपून वापरायचे.

जागा वाढत नाही आणि येणारे पाहुणे मात्र वाढत जातात. मग घराची किंमत कोण ठरवतो? तिथे राहणारा माणूस नाही. दोन रात्रींसाठी येणारा पाहुणा ठरवतो.

याचा हिशोब मामींनी मला भाकरी थापता थापता समजावला. समजा एका खोलीला शनिवार-रविवारी रात्रीचे दीड हजार मिळाले, तर महिन्याच्या आठ रात्रींचे बारा हजार झाले. तीच खोली एखाद्या शिक्षकाला महिन्याने दिली तर तो बिचारा पाच हजारांच्या पुढे जाऊ शकत नाही. मग कोण देणार महिन्याने? बाजारातून चालताना मी पाट्या वाचत गेले. घरगुती राहण्याची सोय, रूम मिळेल, फॅमिली रूम, गरम पाणी मिळेल. एखाद्या कुटुंबाला वर्षभरासाठी खोली मिळेल अशी पाटी चार दिवसांत एकही दिसली नाही.

आता मामूंनी झोपायला जागा नाही असे का म्हटले, ते कळले. माळ्यावरच्या दोन्ही खोल्या पाहुण्यांसाठी होत्या. नव्या चादरी, भिंतीवर टीव्ही, बाथरूममध्ये गीझर. ज्या खिडकीत बसून आम्ही भावंडे माकडांना वाकुल्या दाखवायचो तिथे दरपत्रक लावलेले होते. मामू-मामी आणि त्यांचा धाकटा मुलगा मागच्या अंधाऱ्या खोलीत राहत होते. घराचा उजेडाचा भाग पाहुण्यांना आणि ओलीचा भाग घरच्यांना.

मंगळवारचा बाजार आणि शुक्रवारचा बाजार

मंगळवार ते गुरुवार मी जे माथेरान पाहिले ते पाहुण्यांना सहसा दिसत नाही. सकाळी धुके इतके, की समोरच्या दुकानाची पाटी वाचता येत नव्हती. घरांच्या पडव्यांना निळ्या ताडपत्र्या बांधलेल्या. मिठाला पाणी सुटलेले, काडेपेटीची काडी पेटत नाही, मामी शेगडीवर पोरांचे गणवेश वाळवतात. पावसाआधी तांदूळ, डाळ, सुके मासे, लाकूडफाटा भरून ठेवायची नानीची आगोटची पद्धत मामींनी अजून सोडलेली नाही. "दरड आली की रस्ता बंद. मग दुकानात काही मिळत नाही," त्या म्हणाल्या.

तरी त्या तीन दिवसांत बाजार जिवंत होता. सकाळी फजरला मशिदीत सात-आठ माणसे, त्यात तीन घोडेवाले. नंतर चहाच्या टपरीवर सगळे एकत्र. घोडेवाला मुसलमान, हातरिक्षावाला कातकरी किंवा मराठा, चिक्कीवाला गुजराती, पण कोणाच्या घरात कोण आजारी आहे हे सगळ्यांना ठाऊक. मामींच्या शेजारची धनगर बाई दुपारी येऊन बसली. माझ्या नानीच्या शेवटच्या आजारात रात्री दोन वाजता हीच बाई कंदील घेऊन धावली होती, हे मला पहिल्यांदाच कळले. त्या रात्री बाजारातल्या चार माणसांनी नानीला खुर्चीत बसवून पावसातून दवाखान्यात नेले. ती चारही घरे तेव्हा बाजारात राहत होती. "आता त्यांतली दोन लॉज झाली," मामी म्हणाल्या. "मालक नेरळला राहतो. रात्री दार वाजवले तर नोकर येतो, आणि तो दर सहा महिन्यांनी नवा असतो."

२००१ च्या जनगणनेत माथेरानची लोकसंख्या ५,१३९ होती, २०११ मध्ये ती ४,३९३ झाली. एवढ्याशा गावात दहा वर्षांत साडेसातशे माणसे कमी होणे म्हणजे लहान गोष्ट नव्हे. मुले दहावी-बारावीनंतर शिकायला खाली जातात आणि खालीच राहतात. मामूंचा थोरला मुलगा कर्जतला नोकरी करतो. लग्न ठरवताना मुलीकडचे विचारतात, "रोज वर-खाली करणार का?" आणि मुलगा गप्प बसतो.

गुरुवारी संध्याकाळपासून बाजार बदलू लागला. पंधरा ऑगस्ट शुक्रवारी आल्याने तीन दिवसांची जोडून सुट्टी होती. शुक्रवारी सकाळी मुख्य रस्त्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. रेनकोट, छत्र्या, स्पीकर, मक्याची कणसे, घोड्यांची लीद, लहान मुलांची रडारड. मामूंच्या दुकानात चपला आणि काठ्या भराभर खपत होत्या. मी गल्ल्यावर बसले. दुपारपर्यंत जो गल्ला जमला तो आधीच्या तीन दिवसांच्या मिळून विक्रीपेक्षा जास्त होता. पाहुण्यांना नावे ठेवणे सोपे आहे, पण हे गाव त्यांच्यावरच जगते. नानांची भाकरीही त्यांच्याच पायांतल्या चपलांतून आली.

त्या गर्दीतून एक हातरिक्षा गेली. पुढे एक माणूस ओढत होता, मागून दोघे ढकलत होते, आत एक आजारी म्हातारी. ६ ऑगस्ट २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने सहा महिन्यांत हातरिक्षा बंद करून तिथल्याच ओढणाऱ्यांना ई-रिक्षा देण्याचा आदेश दिला होता. माणसाने माणूस ओढणे हे घटनेतल्या प्रतिष्ठेच्या हक्काला शोभत नाही, असे न्यायालयाचे म्हणणे. ई-रिक्षा प्रायोगिक तत्त्वावर चालवायची परवानगी २०२२ मध्येच मिळाली होती. टपरीवर याचीच चर्चा होती. घोडेवाल्यांना धंद्याची काळजी, रिक्षावाल्यांना आशा, आणि म्हाताऱ्या माणसांना एवढेच की दवाखान्यापर्यंत बसून जाता येईल. अम्मी गुडघ्यांमुळे आठ वर्षे माहेरी आली नव्हती. हातरिक्षात बसायला ती तयार नव्हती. "माणसाच्या अंगावर बसून मी माहेरी जाऊ?" असे म्हणायची. ज्या गावात म्हातारे माणूस ये-जा करू शकत नाही, ते गाव हळूहळू राहण्याचे उरत नाही, फक्त बघण्याचे उरते.

जुम्म्यानंतर

जुम्म्याची नमाज झाल्यावर मामूंनी तासभर दुकान बंद ठेवले. सुट्टीच्या दिवशी हे मोठेच होते. मागच्या खोलीत आम्ही बसलो. मी पाकीट काढले आणि हक्कसोडपत्र मोठ्याने वाचले. "काही मोबदला न घेता" या शब्दांपाशी मामूंनी हात वर केला.

"हे असे लिहिलेय?"

"हो, मामू."

"मी वाचलेच नव्हते. दलालाने करून आणले."

मी वहीत हिशोब मांडला. नाना-नानींवर कर्ज नव्हते, वसियतही नव्हती. दोन मुलगे, तीन मुली. मुलाला दोन, मुलीला एक, असे एकूण सात हिस्से. दोन-दोन मामूंचे आणि एकेक अम्मी व दोन्ही खालांचा. हे भावाने खुशीने द्यायचे नसते, सूरह निसाने ते आधीच देऊन ठेवलेले आहे. मामूंना हे माहीत नव्हते असे नाही. पाच वक्तांचे नमाजी आहेत. जकात पै-पैशाचा हिशोब करून काढतात. पण बहिणीचा हिस्सा म्हटले की आपल्याकडे तो ईदीसारखा समजला जातो. दिला तर मेहेरबानी, नाही दिला तर कोणी विचारत नाही.

मग आम्ही विक्रीचा विचार केला. समजा इमारतीचे सत्तर लाख आले. मामूंच्या वाट्याला वीस येतील. त्यात नेरळला दोन खोल्या मिळतील, दुकान मिळणार नाही. पन्नाशी ओलांडलेला माणूस नेरळमध्ये चपला कोणाला विकणार? अम्मीला दहा मिळतील, त्यात पनवेलला काहीच येत नाही. पैसा पाच ठिकाणी विखरून जाईल, आणि दोन-चार वर्षांनी एखादे लग्न आणि एखादे आजारपण यांत संपेल. लॉज मात्र राहील, आणि ज्या शेजारणीने नानीसाठी कंदील धरला तिच्या भिंतीला लागून आणखी एक दार रात्री बंद होईल.

आपल्या फिकहमध्ये शुफा म्हणून एक हक्क आहे. घर विकताना भागीदाराला आणि शेजाऱ्याला ते आधी घेण्याची संधी मिळावी, असा तो विचार. भाडेपट्ट्याच्या जागेवर तो कोर्टात टिकणार नाही, हे मी एका वकील मैत्रिणीला विचारून आले होते. पण त्यामागचा विचार मामूंच्या मनाला लागला. घर विकणे हा फक्त मालकाचा मामला नाही, भिंतीपलीकडच्या माणसाचाही त्यात काही हक्क आहे. मामू बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मला वाटले होते, हिस्से काढले तर घर विकावेच लागेल. म्हणून सह्या घेत होतो. म्हणजे घर निदान माझ्या हातात तरी राहील."

मामींनी विचारले, "मग आता विकत का होतात?"

मामूंनी उत्तर दिले नाही. पण उत्तर सगळ्यांना ठाऊक होते. गेली तीन वर्षे दुबईतले धाकटे मामू आपल्या हिश्शाचे पैसे मागत होते. मोठे मामू एकटेच घराची दुरुस्ती करत होते, खोल्यांचे भाडे एकटेच घेत होते आणि मनातून अपराधीही होते. हिशोब कुठेच लिहिलेला नव्हता, म्हणून प्रत्येकाला वाटत होते की आपण फसवले जात आहोत. मला त्या दिवशी पटले ते हे, की बहिणींना हिस्सा द्यावा लागतो म्हणून अशी घरे विकली जात नाहीत. हिस्सा ठरलेला नसतो, म्हणून विकली जातात.

त्या तासाभरात आम्ही जे ठरवले ते असे. सर्वांत आधी घराच्या कागदावर पाचही वारसांची नावे लावायची. दुकान मामूंनी चालवायचे, त्याची कमाई त्यांच्या मेहनतीची. माळ्यावरच्या दोन खोल्यांचे जे येईल त्यातून दुरुस्ती, पाणी, वीज, धुलाई वजा करून उरलेल्याचे सात भाग करायचे, आणि वही प्रत्येकाला दर तीन महिन्यांनी पाठवायची. मामू-मामींनी अंधाऱ्या खोलीतून निघून माळ्यावरच्या एका खोलीत राहायचे, म्हणजे पाहुण्यांसाठी एकच खोली उरेल. आणि मागची खोली पावसानंतर दुरुस्त करून, गिलावा आणि खिडकी बसवून, शाळेत नव्याने आलेल्या एका शिक्षक जोडप्याला अकरा महिन्यांच्या कराराने द्यायची. ते दोघे सध्या नेरळहून रोज ये-जा करतात. हे भाडेपट्ट्याच्या अटींत बसते का, ते आधी वकिलाला विचारायचे.

शेवटची गोष्ट मामींची होती. पैसा कमी येईल, हे त्यांनाही माहीत होते. त्यांनीच मला बारा आणि पाच हजारांचा हिशोब सांगितला होता. पण मग त्यांनी पुढचाही सांगितला. बारातून दलालाचे कमिशन गेले, चादरींची धुलाई गेली, गीझरचे बिल गेले, परीक्षांच्या दिवसांत खोली रिकामी राहिली. "आणि रात्री खालून आवाज दिला तर वरून ओ देणारे कोणी असेल, त्याचे काही नाही का?"

धाकट्या मामूंना हे फोनवर सांगितले तेव्हा ते खूश झाले नाहीत. त्यांना रक्कम एकदम हवी आहे. आम्ही त्यांच्याकडून एक वर्ष मागून घेतले आहे. वर्षाने त्यांना विकायचेच असेल तर त्यांचा दोन भागांचा हिस्सा घरातल्यांनी मिळून घ्यायचा प्रयत्न करायचा. जमेल की नाही, अल्लाह जाणे.

वाचकांसाठी चार गोष्टी

माथेरानसारखीच गोष्ट पाचगणी-महाबळेश्वरच्या बाजारातही असेल, आणि कोकणात ज्यांची जुनी घरे आहेत त्यांच्या घरीही. म्हणून अनुभवातून शिकलेले थोडेसे सांगते.

थंड हवेच्या ठिकाणी घर किंवा खोली घ्यायची असेल तर दृश्य बघण्याआधी कागद बघा. जमीन मालकीची की सरकारी पट्ट्याची, पट्टा किती वर्षे उरला, राहण्यासाठी दिला की व्यवसायासाठी, हस्तांतराला परवानगी लागते का. मिळकत पत्रिकेवर विकणाऱ्याचे एकट्याचे नाव आहे की बापाचे अजून तसेच आहे. बापाचे असेल तर बहिणी किती, हे विचारा. ज्या घरात बहिणींचा हक्क दाबलेला आहे ते घर स्वस्त मिळाले तरी त्यात बरकत कुठून येणार?

पावसाळ्यात एकदा तरी तिथे दोन रात्री काढा. मे महिन्यात प्रत्येक घर सुंदर दिसते. ऑगस्टमध्ये छत, भिंती, पाणी आणि शेजार यांची खरी ओळख होते.

माहेरच्या घराबद्दल हक्कसोडपत्र आले तर वाचल्याशिवाय सही करू नका. हिस्सा सोडायचाच असेल तर तो तुमचा अधिकार आहे, पण तो समजून सोडा, लाजेने नाही. आणि भावांनो, बहिणीने न मागणे म्हणजे तिने सोडणे नव्हे.

आणि ज्यांचे जुने घर अजून आहे, त्यांनी हिशोबाची एक वही आजच सुरू करावी. आमच्या घरी वीस रुपयांच्या वहीने जे काम केले ते वीस वर्षांच्या प्रेमाने केले नव्हते.

शनिवारी दुपारी मी निघाले. मामूंनी अम्मीसाठी चिक्कीचा पुडा आणि एक हलकी चप्पल बांधून दिली. दस्तुरीच्या वाटेवर वर येणाऱ्यांची रांग संपत नव्हती. नाक्यावरच्या माणसाने माझ्याकडे पाहून विचारले, "पाहुण्या का?" मी म्हटले, "नाही. बाजारात घर आहे आमचे."

घरी आल्यावर अम्मीने सगळे ऐकून घेतले. मग हक्कसोडपत्र चार घड्या घालून कपाटात ठेवले आणि विचारले, "ती ई-रिक्षा सुरू झाली की थेट मशिदीपर्यंत जाईल का ग?"